८६ वर्षांचं वेटिंग

अमेरिकन क्लायंट असलेल्या ऑफिसात असाल, तर ऑक्टोबरमधल्या कॉन्फरन्स कॉलची पहिली पाच मिनिटं बेसबॉललाच जातात, हे तुम्हाला ठाऊक असेल. मला 'होम रन'पलीकडे ओ की ठो कळायचं नाही. मग बोस्टनच्या एकाने रेड सॉक्सच्या काही तारखा सांगितल्या आणि मी अडकलेच.

सुरुवात एकदम झकास. १९०३ ची पहिलीवहिली वर्ल्ड सीरिज यांनीच जिंकली. २० एप्रिल १९१२ ला फेनवे पार्कवर पहिली लीग मॅच झाली. टायटॅनिक बुडून जेमतेम पाच दिवस झालेले. पेपरात मैदानाला जागा कुठून मिळणार? १९१८ पर्यंत पाच विजेतेपदं खिशात.

मग आला २६ डिसेंबर १९१९. मालक हॅरी फ्रेझी, मूळचा नाटकवाला. त्याने बेब रूथसारखा हिरा एक लाख डॉलर्सना न्यूयॉर्क यांकीजला विकून टाकला. तोवर एकही वर्ल्ड सीरिज न जिंकलेले यांकीज पुढे धडाधड जिंकत सुटले आणि बोस्टनच्या हाती ठणठण गोपाळ. लोक म्हणायला लागले, रूथचा शाप!

शापबिप आपल्याला काही पटत नाही बुवा. २१ जुलै १९५९ ला पम्पसी ग्रीन हा रेड सॉक्सचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरला. जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून खेळायला लागल्यानंतर तब्बल बारा वर्षांनी, आणि मेजर लीगच्या बाकी सगळ्या टीम्सनंतर! याच रॉबिन्सनची १९४५ मध्ये फेनवेवर ट्रायल झाली होती. घेतलं नाही. असे खेळाडू दारातून परत पाठवायचे आणि खापर बेब रूथवर फोडायचं, हे बरंय!

२५ ऑक्टोबर १९८६. न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध सीरिज जिंकायला एक आउट हवा. तीन हिट बसले, एक वाइल्ड पिच पडला, स्कोअर बरोबरीत. त्यानंतर चेंडू बिल बकनरच्या पायांमधून निसटला. मॅच गेली, दोन दिवसांनी सीरिजही. बरोबरी आधीच झाली होती, पण वर्षानुवर्षं शिव्या खाल्ल्या त्या बकनरने.

२००४ मध्ये सेमीफायनलसारख्या सीरिजमध्ये समोर यांकीज, स्कोअर ०-३. तिसरी मॅच तर १९-८ अशी हरलेले. १७ ऑक्टोबरच्या रात्री शेवटच्या इनिंगला एका रनने मागे. डेव्ह रॉबर्ट्स बदली धावपटू म्हणून आला. हा बेस चोरणार, हे अख्ख्या स्टेडियमला माहीत. तरी पठ्ठ्याने चोरलाच! बरोबरी झाली, बाराव्या इनिंगला डेव्हिड ऑर्टिझने होम रन ठोकला. पुढच्या तिन्ही मॅचेसही खिशात. २७ ऑक्टोबरला सेंट लुईसमध्ये, चंद्रग्रहणाच्या रात्री, ८६ वर्षांनी वर्ल्ड सीरिज!

नंतर २००७, २०१३, २०१८ लाही जिंकले. माझी फेव्हरिट तारीख मात्र ८ एप्रिल २००८. नव्या सीझनच्या पहिल्या होम मॅचला मानाचा पहिला चेंडू टाकायला फेनवेवर बोलावलं होतं बकनरला. अख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. त्याने डोळे पुसले आणि चेंडू टाकला. झेलायला समोर होता ड्वाइट इव्हान्स, १९८६ च्याच टीममधला.