सोसायटीतील अवघड माणसे

आम्ही काही पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकासमोर झाले. युनियनचे काम करता करता आम्ही राहतो त्या इमारतीच्या व्यवस्थापक समितीवरही बरीच वर्षे बसलो. दोन्हीकडे माणसे सारखीच. पण एक भेद मोठा आहे. मालकाशी कितीही झगडा झाला तरी पाळी सुटल्यावर तो त्याच्या वाटेने जातो, आम्ही आमच्या. सोसायटीत मात्र रात्रीच्या सभेत ज्याच्याशी भांडलो, तोच सकाळी दुधाची पिशवी घेऊन जिन्यात समोर उभा राहतो. म्हणून येथे नुसते जिंकून भागत नाही, नांदावे लागते.

हा अवघडपणा उत्पन्न कोठून होतो, ते आधी पाहू. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. भाडेकरूंनी एकत्र येऊन आपणच आपले घरमालक व्हावे, अशी ती कल्पना. घरमालक गेला, हे उत्तम झाले. परंतु घरमालकाची कामे काही गेली नाहीत. पाणी सोडणे, गच्ची दुरुस्त करणे, कर भरणे, पैसे गोळा करणे, ही कामे आता शेजाऱ्याने शेजाऱ्याकडून करून घ्यावयाची. पूर्वी ज्याला सर्वांनी मिळून शिव्या द्याव्यात असा एक इसम होता. आता ती जागा सेक्रेटरीला मिळाली आहे, आणि तीही बिनपगारी! एवढे ध्यानात ठेवले म्हणजे समितीवरच्या माणसाचा निम्मा राग उतरतो. पुष्कळ शिव्या त्याला नसतात, खुर्चीला असतात.

आता 'अवघड माणूस' म्हणजे कोण? आमच्या मते माणसाची मागणी आणि माणसाची रीत या दोन गोष्टी निराळ्या आहेत. रीत वाईट, पण मागणी रास्त, असे शेकडा कितीतरी वेळा असते. दर आठवड्याला पत्र पाठविणारा, सभेत आरडाओरड करणारा एखादा गृहस्थ असतो. त्याला पाहताच समिती तोंड फिरविते. पण गच्चीला तडा गेला आहे, असे सांगणारा पहिला माणूसही बहुधा तोच असतो. कारण बारीकसारीक पाहण्याची खोड त्यालाच असते. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर ५ वर्षांनी, आणि ३० वर्षांवरील इमारतीची दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी व्हावयास हवी. ती पुढे ढकलणारी समिती गोड बोलणारी असली म्हणून स्लॅब थांबत नाही. त्या स्लॅबखाली लेकरे निजतात. म्हणून पत्र कोणाचेही असो, ते नोंदवावे, पोच द्यावी, समितीच्या सभेपुढे ठेवावे आणि काय ठरले ते लेखी कळवावे. दहा पत्रांना एकच उत्तर पुरत असेल तर तसे सांगावे. पण उत्तर द्यावे.

दुसरे भांडण गळतीचे. वरचा म्हणतो, 'माझ्याकडे काही नाही'; खालच्याच्या छतातून पाणी ठिबकते. येथे समितीचे लोक वरच्याचा स्वभाव, खालच्याचा स्वभाव, दोघांची जुनी भांडणे उकरीत बसतात. त्याची गरज नाही. पाणी कोठून येते एवढेच पाहावे. पावसाचे, गच्चीचे, किंवा बाहेरच्या सामाईक नळाचे असेल तर खर्च संस्थेचा. घरातील न्हाणीघर, मोरी, संडास यांचे असेल तर त्या सभासदाचा. एखादा जाणकार प्लंबर बोलवावा, दोघांच्या देखत तपासावे, आणि कागदावर लिहावे. नियम बोलू लागला म्हणजे माणसांना ओरडावे लागत नाही.

तिसरा थकबाकीदार. यात दोन जाती आहेत. एकाला देता येत नाही. दुसऱ्याला द्यावयाचे नाही. दोघांनाही एकाच काठीने हाणणे हा अन्याय होय. म्हणून नोटिशीच्या आधी समितीच्या दोघांनी घरी जावे. दोघांनी अशासाठी की, एकट्याच्या बोलण्याला साक्षीदार नसतो. नोकरी गेली आहे, घरात आजारपण आहे असे कळले तर हप्ते बांधून द्यावेत, मात्र ते समितीच्या ठरावाने आणि लेखी. ज्याला द्यावयाचेच नाही, त्याच्यासाठी कायदा आहे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यानुसार निबंधकाकडे अर्ज करून वसुलीचा दाखला मिळविता येतो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. वाट लांबची आहे, पण सरळ आहे. त्याऐवजी कित्येकांना झटपट उपाय सुचतो: 'पाणी तोडा!' श्रोतेहो, हे कदापि करू नये. तसा अधिकार समितीला नाही. आणि असता तरी घरातल्या म्हातारीने बिल थकविलेले नसते. युनियनमध्ये वर्गणी थकली म्हणून आम्ही कोणाची भाकर हिसकावीत नाही. ज्या दिवशी समिती पाणी तोडते, त्या दिवशी गेलेला घरमालक परत आला असे समजावे.

चौथी गोष्ट सभेची. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी, हिशेब तिच्याबरोबरच द्यावेत. ज्याने हिशेब घरी वाचला आहे तो प्रश्न विचारतो. ज्याला तो सभेतच दिसतो तो संशय घेतो. सभेत बोलणाऱ्याने अध्यक्षांकडे पाहून बोलावे, प्रत्येकाला वेळ सारखा द्यावा, अध्यक्षांच्या मित्रालाही तेवढाच. आणि हरलेल्याचा विरोध इतिवृत्तात त्याच्या नावानिशी लिहावा. याचे महत्त्व आम्ही फाटकावरच्या सभांत शिकलो. माणूस मतदानात हरला म्हणून दुखावत नाही. आपले म्हणणे कोणी टिपलेच नाही, याने दुखावतो. मग तो सभेत गप्प बसतो आणि जिन्यात बोलतो. जिन्यातल्या सभेला अध्यक्ष नसतो.

शेवटी, खुर्चीवर बसणाऱ्यांविषयी. जो पाच-दहा वर्षे चाव्या बाळगतो त्याला हळूहळू प्रश्न विचारणारा प्रत्येकजण अवघड वाटू लागतो. त्यावर औषध एकच: वह्या उघड्या ठेवाव्यात. कोणी व्हाउचर मागितले तर 'विश्वास नाही काय?' असे म्हणू नये. विश्वास आहे की नाही हा प्रश्नच नव्हे. पैसा त्याचाही आहे. समितीच्या मुलाची गाडी आणि थकबाकीदाराच्या मुलाची गाडी एकाच नियमाने उभी राहू लागली, की तंट्यांपैकी बरेच आपोआप निवतील. उरतील ते थोडे. त्यांच्यासाठी सहकार न्यायालय आहे. तेथे जावे, आणि निकाल लागेतोवर जिन्यात भेटल्यावर नमस्कार करावयाचे सोडू नये.