हद्दपारीचे विमान : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत बेकायदा राहणाऱ्या बांगलादेशींना ताब्यात घेतल्याची बातमी आली की पोलीस त्यांना लगेच विमानात बसवून ढाक्याला धाडतात, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात अटक पोलीस करतात, पण देशाबाहेर काढण्याचा आदेश केंद्राने अधिकार दिलेला सक्षम अधिकारी देतो; पूर्वी हे 1946 च्या परकीय नागरिक कायद्यानुसार होई आणि 1 सप्टेंबर 2025 पासून त्याची जागा नव्या कायद्याने घेतली आहे.

प्रवासही बहुधा ढाक्यापर्यंतचा नसतो, तर पोलीस बंदोबस्तात पूर्व सीमेपर्यंतचा असतो आणि तेथे सीमा सुरक्षा दल ताबा घेते. एके काळी हे काम रेल्वेनेच होई. जुलै 1998 मध्ये ठाणे-कल्याणमार्गेच धावणाऱ्या कुर्ला-हावडा एक्सप्रेसने मुंबईतील बंगाली जरीकामगारांना नेले जात असताना उलुबेरिया स्थानकात जमावाने गाडी अडवून त्यांची सुटका केली. हे लोक भारतीयच आहेत, असे तेथे ठामपणे सांगितले जात होते. 2025 मध्ये याच कामासाठी हवाई दलाची विमानेही वापरली गेली.

विमान म्हणजे झटपट आणि स्वस्त उपाय, हा समज तर आकड्यांपुढे टिकत नाही. अमेरिकेचेच उदाहरण घ्या. तेथील आप्रवासन खाते दलालामार्फत खासगी विमाने भाड्याने घेते आणि उड्डाणाच्या तासावर दर ठरतो. तो सुमारे 17,000 डॉलर असल्याचे त्या खात्यानेच 2023 मध्ये सांगितले होते. 5 फेब्रुवारी 2025 रोजी 104 भारतीयांना, त्यांत महाराष्ट्रातील तिघांना, अमृतसरला आणणाऱ्या लष्करी सी-17 विमानाचा खर्च तासाला सुमारे 28,500 डॉलर होता. विमानतळावरच प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत नेण्याची जबाबदारी मात्र त्याला आणणाऱ्या विमान कंपनीची असते.

खरी कसोटी तिकिटापूर्वीची, म्हणजे राष्ट्रीयत्वाच्या पडताळणीची आहे. जून 2025 मध्ये ठाणे जिल्ह्यातील मीरा रोड येथे राहणाऱ्या, मूळच्या मुर्शिदाबादच्या एका गवंड्याला सिलिगुडीला नेऊन सीमेपलीकडे ढकलण्यात आले. त्याच्या नातेवाइकांनी आणि पश्चिम बंगालमधील यंत्रणांनी कागदपत्रे पाठवूनही ते घडले आणि अखेर भारतीय ठरल्यावर त्याला परत आणावे लागले. विमान असो वा गाडी, ही पडताळणी आधी नीट होणे महत्त्वाचे आहे.