काल चालणारी स्क्रिप्ट आज का कोसळली? पर्लमधल्या 'रीड-ओन्ली' एररचं कोडं

समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यात पर्लची जुनी स्क्रिप्ट असेंब्ली लाइनची लॉग फाइल वाचून शिफ्टचा रिपोर्ट काढते. आधी लाइन एकच होती. आता तीन झाल्या, म्हणून कुणीतरी लूप लावला. सकाळी रिपोर्ट गायब! स्क्रीनवर फक्त 'मॉडिफिकेशन ऑफ अ रीड-ओन्ली व्हॅल्यू अटेम्प्टेड'. म्हणजे, जी किंमत बदलायला बंदी आहे ती बदलायचा प्रयत्न झाला.

पण बदलली कुणी?

संशयित एकच, डॉलर-अंडरस्कोर. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये आणलेल्या पर्लमध्ये वेगळं नाव दिलं नाही, की लूप हेच व्हेरिएबल वापरतो. 'फॉरईच'मध्ये त्यात किमतीची कॉपी येत नाही, ते मूळ किमतीचंच दुसरं नाव बनतं. 'ए', 'बी', 'सी' ही नावं थेट लूपच्या यादीत लिहिली असतील, तर ती रीड-ओन्ली. लूपमधून बोलावलेलं फंक्शन 'व्हाइल'ने फाइल वाचतं आणि प्रत्येक ओळ गुपचूप त्याच डॉलर-अंडरस्कोरमध्ये टाकतं. तिथेच स्क्रिप्ट मरते.

तीच नावं ॲरेत ठेवली तर स्क्रिप्ट मरत नाही, पण ॲरेतली नावं पुसली जातात आणि पत्ताही लागत नाही. त्यापेक्षा क्रॅश परवडला.

उपाय काय?

एररमधला लाइन नंबर फंक्शनकडे बोट दाखवतो, म्हणून अनेकजण लूप तपासतच नाहीत. तो तपासा. दुरुस्ती मात्र फंक्शनमध्येच करायची: 'व्हाइल'मध्ये 'माय' लावून ओळीसाठी स्वतंत्र व्हेरिएबल घ्या.