भिडू कसे जमतात?

निव्वळ मजकुरावर चालणाऱ्या ऑनलाइन खेळात पडद्यावर चित्र नसतं. ‘तुम्ही नदीकाठी उभे आहात, समोर होडी बांधलेली आहे’ असं लिहून येतं, तुम्ही ‘होडीत बस’ असं टाइप करता, आणि त्या होडीत दुसऱ्या गावचा कोणीतरी आधीच बसलेला असतो. निदान असायला हवा. असे खेळ बहुधा हौशी मंडळी पदरमोड करून चालवतात आणि त्यांचं रडगाणंही ठरलेलं असतं, की माणसं येत नाहीत. मग खेळाची नोंद सापडेल त्या यादीत करायची, असलेल्या चार खेळाडूंना रोज मत द्यायला लावून यादीत वर चढायचं, पोस्टर फिरवायचं, असे उपाय सुरू होतात. माझ्या मते दुखणं वेगळंच आहे. माणसं येतात, पण आलेल्याला तिथे कोणी दिसत नाही. हिशेब करून पाहा. एखाद्या खेळाचे 24 खेळाडू दिवसभरात कधीही येऊन अर्धा अर्धा तास खेळले, तर कोणत्याही क्षणी तिथे सरासरी अर्धाच माणूस हजर असतो. तेच 24 जण रात्री 9 ते साडेनऊ आले तर 24 च्या 24 एकमेकांना भेटतात. खेळ तोच, माणसं तेवढीच, पण नव्या पाहुण्याला एकदा ओसाड वाडा दिसतो आणि एकदा भरलेली जत्रा. म्हणून भिडू जमवायचे तर जाहिरात पसरण्याआधी वेळ आवळायला हवी.

या खेळांचा जन्मच अशा आवळलेल्या वेळेत झाला. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 1978 मध्ये ‘मड’ नावाचा खेळ लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टलने तो वाढवला. अनेकांनी एकाच वेळी एकाच काल्पनिक जगात वावरायचं, ही त्यातली नवी गोष्ट. संगणक विद्यापीठाचा होता, दिवसा त्याला कामं होती. त्यामुळे बाहेरच्यांना फोनच्या तारेवरून आत शिरायची मुभा मिळाली ती रात्री उशिरापासून पहाटेपर्यंत. ती अडचणच खेळाच्या पथ्यावर पडली असं मला वाटतं, कारण जो येई त्याला तिथे जागरण करणारे इतर हमखास भेटत. अलीकडचं उदाहरण वर्डलचं. तो एकट्याने खेळायचा शब्दखेळ, पण दिवसाला एकच कोडं आणि ते सगळ्या जगाला सारखं. 1 नोव्हेंबर 2021 ला त्याचे 90 खेळाडू होते, जानेवारी 2022 च्या सुरुवातीला 3 लाख झाले, आणि महिना संपायच्या आत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो विकतही घेतला. मध्ये झालं इतकंच, की आपला निकाल रंगीत चौकोनांत, उत्तर न फोडता, मित्रांना पाठवायची सोय डिसेंबरात आली. कोडं रोज वेगवेगळ्यांना वेगवेगळं असतं, तर ते चौकोन पाहून कोणाला काय कळणार होतं?

आपल्याकडे हे शास्त्र शिकायला इंग्लंडला जायला नको. कल्याण-कसारा मार्गावर टिटवाळा आणि वासिंदच्या मध्ये खडवली स्टेशन आहे. भातसा नदीमुळे मुंबईकरांना ते सहलीपुरतं ठाऊक, पण तिथला नोकरदार रोज लांबचा प्रवास करतो. कल्याणच्या पुढे गाड्यांची वर्दळ विरळ होत जाते, म्हणून गाडी ठरलेली, गाडी ठरलेली म्हणून डबा ठरलेला, आणि डबा ठरला की माणसंही ठरतात. या मार्गावरची भजनी मंडळं आणि गुडघ्यावर ब्रीफकेस ठेवून रंगणारे पत्त्यांचे डाव यातूनच उभे राहिले. (ब्रीफकेस गेल्या, आता पाठीवरच्या सॅक मांडीवर आल्या, गाडीत पत्ते खेळणं नियमात बसतं की नाही हा भाग वेगळा.) अशा डावाला कोणी जाहिरात देत नाही. नवा माणूस आधी उभ्याने बघतो, मग एखाद्याचे पत्ते बघून कुजबुजतो, आणि ज्या दिवशी नेहमीचा भिडू रजेवर असतो त्या दिवशी त्याला पत्ते मिळतात. बघ्याला जागा असणं आणि एखादा हात रिकामा होणं, या दोन गोष्टींवर तो डाव वर्षानुवर्षं टिकतो. ऑनलाइन खेळात मात्र बघ्याला दारातच नाव, पासवर्ड आणि ईमेल विचारतात.

योगायोग असा, की बार्टलनेही 1996 मधल्या आपल्या गाजलेल्या निबंधात खेळाडूंची विभागणी पत्त्यांच्याच रंगांत केली. चौकट म्हणजे गुण आणि पदं मिळवत सुटणारे, इस्पिक म्हणजे कोपरे धुंडाळणारे, बदाम म्हणजे गप्पांसाठी येणारे, किलवर म्हणजे दुसऱ्याला पाडण्यात मजा मानणारे. त्याचा मुद्दा असा, की हे चौघे एकमेकांवर अवलंबून असतात. किलवरवाले माजले की बदामवाले निघून जातात, आणि गप्पा मारणारे गेले की जागा सुनी होते. मतांच्या यादीतून आणि बक्षिसांच्या आमिषाने येतात ते मुख्यतः चौकटवाले. ते पदं मिळवून पुढच्या खेळाकडे वळतात. आणायचे आहेत ते बदामवाले, आणि ते यादी वाचून येत नाहीत, ओळखीच्या माणसामागून येतात.

मराठीत अशी माणसं जमवण्याचं सगळ्यात जवळचं उदाहरण मायबोलीचं. 1996 च्या गणेश चतुर्थीला अमेरिकेत सुरू झालेल्या या संकेतस्थळावर वर्षभर अंताक्षरी आणि कोडी चालतात, पण खरी झुंबड उडते ती दरवर्षीच्या ऑनलाइन गणेशोत्सवात. एकाने गोष्ट सुरू करायची आणि बाकीच्यांनी तिला फाटे फोडत न्यायची, दिलेल्या विषयावर एकावर एक झब्बू द्यायचा, असे खेळ स्वयंसेवकांचं मंडळ तेवढ्या दिवसांपुरते मांडतं. इथे वेळ आवळलेली आहे, पण तासाची नव्हे, उत्सवाची. शिवाय मंडळ आहे म्हणजे आलेल्याला या बसा म्हणणारं कोणीतरी आहे.

याच उदाहरणात एका रास्त आक्षेपाचं उत्तर आहे. ठरलेल्या वेळेची अट घातली तर रात्रपाळीची नर्स, दुकान चालवणारा, परदेशातलं मराठी कुटुंब बाहेर पडणार नाही का? पडेल, जर खेळ एकाच तासाचा असेल तर. म्हणून दोन धागे हवेत: सवडीने चाल लिहून ठेवायचा संथ खेळ, आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांचा जिवंत डाव. शनिवारी रात्री 9 ची वेळ घेतली तर उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे साडेअकरा आणि लंडनला दुपारचे साडेचार वाजलेले असतात, तेही सुट्टीच्या दिवशी. दुसरा आक्षेप असा, की चित्रांच्या जमान्यात वाचत कोण बसणार? वर्डलने त्याचं निम्मं उत्तर दिलं. उरलेलं निम्मं अंध खेळाडू देतात. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला चित्रांचा खेळ वाचून दाखवता येत नाही, मजकुराचा येतो. इंग्रजीतल्या ‘मड’च्या वळणाच्या काही खेळांत अंध खेळाडू मोठ्या संख्येने आहेत ते यामुळेच. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा रीडर मराठीही वाचतो. मात्र खेळात अक्षरांनी रेखाटलेले नकाशे भरले, तर तोही दरवाजा बंद होतो. आणि पैशाच्या आमिषाने माणसं खेचण्याचा मार्ग म्हणाल, तर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदीच आणली. तसं नसतं तरी बोनससाठी आलेला माणूस गोष्ट ऐकायला थांबला असता, असं मला वाटत नाही.

मराठी खेळापुढची खरी अडचण वेगळी, आणि तिच्याकडे फार थोडे बघतात. ‘ॲडव्हेंचर’ या मजकुरावर चालणाऱ्या जुन्या इंग्रजी खेळात दोन शब्दांची आज्ञा पुरायची: क्रियापद आणि नाम. इंग्रजीत अशा आज्ञेत नामाचं रूप बदलत नाही म्हणून ते खपलं. मराठीत विहीर ‘विहिरीत’ होते, घोडा ‘घोड्यावर’ जातो, दिव्याला तेल घालावं लागतं. कोणी ‘विहिरीत बघ’ म्हणेल, कोणी ‘विहिरीमध्ये डोकाव’, कोणी ‘आत वाकून बघ’, आणि तिन्ही बरोबर. शुद्ध मराठी लिहूनही ‘समजलं नाही’ असं उत्तर दोनदा आलं, की पाहुणा तिसऱ्यांदा लिहीत नाही. एव्हेनियासारख्या मोफत साधनावर ब्राउझरमध्ये चालणारा देवनागरी खेळ उभारता येतो, पण नामांच्या या बदलत्या रूपांचं कोष्टक कोणीतरी बसून भरायलाच हवं. खडवलीहून कसाऱ्याकडचा प्रदेश, भातसाकाठ, आसनगावजवळचा माहुलीचा किल्ला, थळ घाट, असा नकाशा घेतला तर हे भरणं सोपं जाईल, कारण ठिकाणं आणि त्यांची बोलण्यातली रूपं दोन्ही खेळाडूंच्या तोंडी आहेत. दर शनिवारच्या डावानंतर चालकाने किती जण आले हे मोजण्याआधी खेळाला न समजलेल्या आज्ञांची यादी काढावी, आणि तीतल्या निदान पहिल्या वीस तरी पुढच्या शनिवारच्या आत खेळाला शिकवाव्यात.