बंद पाकिटातली चिठ्ठी

दोन उपचारांची तुलना बहुतेक वेळा फसते ती रुग्णांची वाटणी करतानाच. त्यातल्या त्यात धडधाकट रुग्णाला नवे औषध द्यावे असे डॉक्टरला नकळत वाटते. मग गुण आला तो औषधाने की मुळातल्या प्रकृतीने, हे सांगता येत नाही. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४७ मध्ये सुरू केलेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीने या अडचणीवर नामी तोड काढली.

क्षयावरचे हे औषध तेव्हा इतके दुर्मीळ होते, की सगळ्यांना पुरणे शक्यच नव्हते. म्हणूनच काहींना त्यावाचून ठेवणे समर्थनीय ठरले. दोन्ही फुप्फुसांत झपाट्याने पसरणारा क्षय झालेले १०७ तरुण रुग्ण घेतले गेले. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ही वाटणी यादृच्छिक आकड्यांवरून आधीच ठरवून बंद पाकिटांत ठेवली होती. रुग्णाला चाचणीत घेतल्यावरच त्याचे पाकीट फोडायचे. आत काय आहे हे निवडणाऱ्यालाही ठाऊक नसे, त्यामुळे पक्षपाताला वावच उरला नाही. एक्स-रे तपासणाऱ्यांनाही रुग्णाचा गट सांगितलेला नव्हता.

सहा महिन्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ४, तर न घेणाऱ्यांपैकी १४ जण दगावले. आता कसोटी लागते ती अशी: औषध निरुपयोगी आहे असे धरून चालायचे. तसे असते तर हे १८ मृत्यू दोन्ही गटांत जवळपास सारखे विभागले गेले असते. मग एवढी तफावत निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता किती? अहवालाचे उत्तर होते, शंभरात एकाहून कमी. प्रत्येक गटात दहाच रुग्ण असते आणि एका गटात १, दुसऱ्यात ३ मृत्यू झाले असते, तर प्रमाण साधारण तेच राहूनही काहीच सिद्ध झाले नसते. इतका फरक योगायोगानेही सहज पडतो. नमुना पुरेसा मोठा हवा तो यासाठी.

मात्र ही कसोटी विचारलेल्या प्रश्नापुरतेच उत्तर देते. येथे प्रश्न सहा महिन्यांचा होता. पुढे अनेक रुग्णांतले जंतू औषधाला दाद देईनासे झाले, आणि पाच वर्षांनी दोन्ही गटांतल्या मृत्यूंमधले अंतर बरेच घटले होते. जंतूंच्या या प्रतिकारावर उपाय म्हणून पुढच्या चाचणीत स्ट्रेप्टोमायसिनला पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्लाची जोड दिली गेली. तिथेही यादृच्छिक वाटणी होतीच, आणि दोन औषधे एकत्र दिल्यास जंतूंचा प्रतिकार खूपच कमी वेळा निर्माण होतो असे तिने दाखवून दिले.