जयपूरच्या उन्हात केसाळ कुत्रा

मे-जूनमध्ये जयपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकतो, लू वाहू लागते आणि हस्की किंवा गोल्डन रिट्रीव्हर पाळणाऱ्यांना वाटतं, मशिन फिरवून याला भादरून टाकावं. तेवढं करू नका. या जातींच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे लांब केस ऊन अडवतात, आतली मऊ लव ठरावीक काळाने गळते. ही सुटलेली लव ब्रशने काढत राहिलं की हवा कातडीपर्यंत पोचते. मुळापासून कापलेले केस मात्र काही वेळा पूर्वीसारखे येत नाहीत, आणि उघडी कातडी उन्हाने भाजते. कुत्रा तसाही अंगाने घामेजत नाही. तो धापा टाकून निवतो. शिह त्झू, पूडल यांचे केस सतत वाढतात, ते बेताने कापायला हरकत नाही.

आंघोळीला माणसांचा शांपू नको. कुत्र्याची कातडी आपल्याइतकी आम्लधर्मी नसते. गुंता आधी सोडवा, मग पाणी घाला. ओली गाठ आवळतच जाते.

नाहरगडच्या बाजूला फिरवून आणलंत, तर बोटांच्या बेचक्यात गोखरू, कुसळं शोधा. पावसाळ्यात तिथेच आणि कानांत गोचीड सापडते. ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेलचे प्रयोग नकोत. नंतर ताप, सुस्ती किंवा नाकातून रक्त दिसलं तर लगेच पशुवैद्य गाठा. गोचिडीतून एर्लिकिओसिस हा आजार होतो.