मेंदूतील वाळू आणि रातपाळी

कवटीच्या अगदी मधोमध, मेंदूच्या पोटात, तुरीच्या दाण्याएवढी एक ग्रंथी आहे. तिचे नाव पिनिअल. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने सतराव्या शतकात आत्म्याचे बिऱ्हाड येथेच थाटून दिले. आपल्याकडेही तिला शंकराचा तिसरा डोळा म्हणणारे निघाले आहेत. शंकराला या वादात ओढू नये हे बरे. मात्र न्यूझीलंडमधील तुआतारा या सरड्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या टाळूवर खरोखरच एक डोळा असतो व तो या ग्रंथीचा भाऊबंद आहे.

आपल्या पिनिअलला स्वतःला दिसत नाही. उजेड-अंधाराची वर्दी डोळ्यांतून मेंदूतील घड्याळापाशी जाते, पाठीच्या कण्यात उतरते, मानेतून पुन्हा वर चढते आणि मग ग्रंथीला पोहोचते. अंधार पडला की ग्रंथी मेलाटोनिन हा रस रक्तात सोडते. रात्री दिवा लागला की हात आखडता घेते. हा रस अमेरिकेत ॲरन लर्नर यांनी 1958 साली गुरांच्या ग्रंथींतून वेगळा काढला.

घाटकोपरच्या बाजूचा एक जुना सभासद, अनेक वर्षे रातपाळी केलेला, डोक्याच्या स्कॅनचा कागद घेऊन माझ्याकडे आला. कागदावर ‘पिनिअल कॅल्सिफिकेशन’ असे लिहिलेले. त्याने विचारले, “भाऊ, मेंदूचा दगड झाला म्हणायचा का?” तसे काही नसते. या ग्रंथीत कॅल्शियम फॉस्फेटचे कण साचतात. शरीरशास्त्रात त्यांना मेंदूची वाळूच म्हणतात. ती प्रौढांत सर्रास आढळते, लहान मुलांतही कधी दिसते. स्कॅन नव्हते तेव्हा डॉक्टर एक्स-रेमध्ये हाच पांढरा ठिपका शोधीत. तो मध्यावरून सरकलेला दिसला की एका बाजूस गाठ असावी, असा तर्क करीत.

वयाबरोबर ही वाळू वाढते आणि रात्रीचे मेलाटोनिन बहुधा घटते. म्हातारपणी झोप पहाटेच का उडते, याचा एक धागा येथे सापडतो. ग्रंथीचा जेवढा भाग वाळूवाचून उरतो तेवढा रस अधिक, असे काही संशोधकांना आढळले आहे. पण वाळूमुळे म्हातारपण येते, की म्हातारपणाबरोबर वाळू येते, याचा निवाडा झालेला नाही. डोक्यावर केस पिकतात म्हणून कलप लावणारा तरुण होत नाही! तरीही 1990 नंतर अमेरिकेत मेलाटोनिनच्या गोळ्या तारुण्याच्या नावाखाली खपल्या, आणि ‘तिसरा डोळा साफ करणारी’ औषधे आजही विकली जातात. आमच्या सभासदाने त्यावर पैसे घालवू नयेत, एवढे मी त्याला बजावले.

काळजी करायची तर उजेडाची करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 साली, आणि पुन्हा 2019 साली, रातपाळीला कर्करोगास ‘बहुधा कारणीभूत’ गोष्टींच्या यादीत घातले. रातपाळी इस्पितळाला चुकत नाही, रेल्वेला चुकत नाही. अंधेरी-मालाडच्या कॉल सेंटरांत तर तिच्यावरच धंदा उभा आहे. पण पाळ्यांचा क्रम आपल्या हाती आहे. माणसाचे आतले घड्याळ चोवीस तासांहून किंचित सावकाश चालते. म्हणून पहिलीवरून दुसरीवर आणि दुसरीवरून रातपाळीवर जाणे शरीराला सोसते, उलटे जाणे जड जाते. मागणीपत्रात हे कलम घातले तर मालकाला फक्त तक्ता नव्याने लिहावा लागेल. सकाळी घरी आल्यावर मात्र एका खोलीत, पोरांच्या गलक्यात, खिडकीला जाड चादर लावूनच झोपावे लागते.